सात फुटांवरून नाशिक

माझी सासुरवाडी निफाड तालुक्यात आहे आणि ती ओझरच्या धावपट्टीच्या बरोबर रेषेत येते, ही गोष्ट लग्न जमवताना कोणी सांगितली नव्हती. पत्रिका पाहिली, गोत्र पाहिलं, मंगळसुद्धा पाहिला. आकाशातली बाकीची वाहतूक पाहायची राहून गेली.

त्यात मला उंचीची भीती. माळ्यावरचा डबा काढायला मी स्टुलावर चढतो तेव्हा बायको स्टूल धरते आणि शेजारीण बायकोला धरते. त्यामुळे नाशिकची प्रेक्षणीय स्थळं मी माझ्या पद्धतीने पाहिली आहेत. पांडवलेणी हायवेवरून पाहिली. वणीच्या गडावर फनिक्युलर सुरू झाली तरी देवीला पायथ्याशीच हात जोडले. रामकुंड सखल भागात असल्याने तेवढं नीट पाहिलंय. मिसळीला कोणत्याच उंचीची अट नसते, ती दोनदा झाली.

सासुरवाडीत माझी उंची दरवर्षी कमी होत आलेली आहे, तो भाग वेगळा. सुरुवातीला मी येणार म्हटलं की मांडे व्हायचे, रस व्हायचा, अंगणात खाट पडायची. यंदा दारात उभा राहिलो तर सासूबाई म्हणाल्या, “आलात का? चपला तिकडं काढा, इथं आत्ताच पुसलंय.” मेहुण्याने हातातली पिशवी घेतली, पण ती आतल्या बाकरवडीसाठी. मी रुसलो. जावयाच्या रुसण्याला कोणी तरी दखल घेणारा लागतो. तो न मिळाल्याने मी एकटाच रुसून बागेकडे निघालो. पुढचं सगळं त्यातून झालं.

पण आधी मामांविषयी सांगायला हवं. मामा म्हणजे बायकोचे मामा. हवाई दलात तंत्रज्ञ होते. आयुष्य मिग विमानांच्या पोटाखाली उताणं पडून काढलं आणि निवृत्त झाल्यावर ओझरलाच घर बांधलं. ओझरला आजही लोक ‘ओझर मिग’ म्हणतात. मुलगा एचएएलच्या विमान कारखान्यात लागला तरी “मिगला कामाला आहे” असंच सांगतात आणि मुलीकडच्यांचे चेहरे उजळतात. १९६४ साली रशियन परवान्यावर मिग-२१ बांधायला ओझरचा कारखाना निघाला तेव्हा इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा ओझरला अशी वाटणी झाली. त्याआधीच्याच वर्षी यशवंतराव चव्हाण नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते आणि ते संरक्षणमंत्री होते. नाशिककर ही दोन वाक्यं नेहमी जोडून सांगतात. मध्ये ‘म्हणून’ घालायचं की नाही, हे ऐकणाऱ्यावर सोडतात.

मामांकडे खाली उडणाऱ्या वैमानिकांचे किस्से आहेत. किस्से तेच असतात, उंची बदलते. एक जण राजस्थानात सरावाला गेला होता. तो किस्सा मी आमच्या साखरपुड्यात पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याचं विमान दोनशे फुटांवर होतं. लग्नात ते शंभरावर आलं. मुलाच्या बारशाला ते बाभळीच्या शेंड्याखालून गेलं आणि उतरल्यावर त्याच्या पोटाला बाजरीचं कणीस निघालं. मुंजीत वरिष्ठांनी त्याला विचारलं, “उंची किती होती रे?” तर तो म्हणाला, “साहेब, मोर वरून गेला.” मुलाच्या लग्नापर्यंत हे विमान बहुधा भुयारातून जाईल.

तर रुसून मी बागेत गेलो. ज्यांनी द्राक्षाचा मंडप पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडी अँगल रोवलेले असतात आणि माणसाच्या डोक्याच्या जरा वर, सहा-सात फुटांवर, तारांची आडवी-उभी जाळी ताणलेली असते. वेल त्या जाळीवर पसरतो, पानं वर, घड खाली. आपण खालून फिरायचं. फेब्रुवारीत मण्यांत साखर भरत आलेली असते आणि मालक मंडपाखाली पाहुण्यांना फिरवताना पाहुण्याच्या हाताकडे बघत असतो.

तेवढ्यात आवाज आला. सुखोईचा आवाज कानाला नंतर कळतो, तो आधी बरगड्यांना कळतो. ओझरच्या कारखान्यात सुखोई बांधतात आणि दुरुस्तही करतात, त्यामुळे इथल्या म्हशींनाही त्याची सवय आहे. मला नाही. शिवाय मी रुसलेलो होतो आणि रुसलेल्या माणसाला काहीतरी करून दाखवायचं असतं. समोर रिकामी कॅरेटं रचून ठेवली होती. मी दोन कॅरेटांवर चढलो, तारांच्या एका चौकोनातून डोकं वर काढलं, दिसेना म्हणून खांदेही काढले. विमान माझ्या डोक्यावरून गेलं. अगदी डोक्यावरून. मी दोन्ही हात वर केले, त्या क्षणी वरचं कॅरेट सटकलं आणि मी काखेपर्यंत मंडपात अडकलो.

म्हणजे छातीपासून वरचा मी द्राक्षाच्या पानांवर आणि उरलेला मी खाली, उरलेल्या कॅरेटावर चवड्यांनी टेकलेला. वर दूरवर नुसती हिरवी पानं. त्या सपाटीवर मी एकटाच. खाली कोण आलं, कोण गेलं, ते फक्त ऐकू येत होतं.

पहिल्यांदा बागेतल्या बायका आल्या. त्यांच्या हसण्यावरून त्या किती जणी असतील याचा अंदाज मी सोडून दिला. मग मेहुणा आला. “दाजी, घड सांभाळा हं. पाय हलवू नका. तिथं एक्स्पोर्टचा माल आहे.” त्याला मी कोणत्या अवस्थेत आहे यापेक्षा कुठल्या ओळीत आहे याची काळजी होती. तार माझ्या सदऱ्याच्या आत शिरून काखेतून बाहेर आली होती. मी म्हटलं, “तार काप.” तो म्हणाला, “तार कापली तर अख्खी ओळ ढिली पडंल. ऐन तोडणीत ताण बसवायला माणूस कुठून आणू?” मग बायकोचा आवाज आला, “अहो, नवा सदरा आहे तो.” यावर चर्चा सुरू झाली. तार की सदरा. माझं नाव त्या चर्चेत कुठेच आलं नाही.

मग मामा आले. मी वरूनच ओरडलो, “मामा, बघितलंत? काय खाली आलं होतं! वीस फूट असेल.”

“कोण, ते सुखोई?” मामा शांतपणे म्हणाले. “हजार फूट तरी होतं. चाकं बाहेर काढलेली बिचाऱ्यानं, उतरायला चाललं होतं. जावईबापू, याला खाली उडणं म्हणत नाहीत, घरी जाणं म्हणतात.”

एक कॅरेट ओढल्याचा आवाज झाला. मामा माझ्या पायांसमोर बसले. त्यांना आयुष्यात प्रथमच उठून जाऊ न शकणारा श्रोता मिळाला होता.

“खाली उडणं म्हणजे काय, सांगतो. मजेसाठी नसतं ते. पृथ्वी गोल आहे, रडार सरळ बघतं. तीस हजार फुटांवरचं विमान जमिनीवरच्या रडारला चारशे किलोमीटरवरून दिसू शकतं. शंभर फुटांवर आणा, पंचवीसच्या आत येईपर्यंत पत्ता नाही. म्हणून शिकवतात. आपल्या नाशिकच्या गांधीनगरला सैन्याची शाळा आहे ना, २००३ पासूनची, तिथं चीता-चेतकवाली पोरं हेच शिकतात, झाडांच्या शेंड्यांना धरून जायचं. पोरीसुद्धा. सैन्याची पहिली महिला लढाऊ वैमानिक अभिलाषा बराक, २०२२ ला तिथूनच विंग लावून निघाली.”

“मामा, माझा हात बधिर होतोय.”

“होणारच. पण मजेसाठी उडतात, त्यांची गोष्ट वेगळी. पॅरिसमध्ये १९१९ ला विजयाची मिरवणूक निघाली. वैमानिकांना हुकूम आला, पायदळासारखं पायी चाला. झाला अपमान! महिन्याच्या आत, ७ ऑगस्टला, शार्ल गोदफ्रुआ नावाचा पठ्ठ्या छोटं न्यूपोर विमान घेऊन निघाला आणि तिथल्या विजयकमानीच्या आतून आरपार गेला. कमान रुंदीला साडेचौदा मीटर. ट्रामवाले घाबरून खाली पडले.”

मला हे पटत चाललं होतं. अपमान, मग रुसवा, मग बारक्या जागेतून अंग घालणं. हा माणूस कुणाचा तरी जावई असणार.

“आणि लंडनचा ॲलन पोलॉक? १९६८. त्यांच्या हवाई दलाला पन्नास वर्षं झाली आणि सरकारनं साधी सलामीची उड्डाणंसुद्धा ठेवली नाहीत. ५ एप्रिलला हा हंटर घेऊन निघाला. हंटर म्हणजे तेच, आपण लोंगेवालाला वापरलेलं. पार्लमेंटला तीन घिरट्या घातल्या आणि टॉवर ब्रिजच्या दोन मजल्यांच्या मधून विमान काढलं. खालच्या पुलावरून डबलडेकर बस चालली होती!”

“मग त्याला काय शिक्षा?”

“वैद्यकीय कारण दाखवून घरी बसवला. खटला चालवला असता तर तो बोलला असता ना, का केलं ते.”

खालच्या बायकांपैकी एकीने विचारलं, “आन त्या बशीतल्या मान्सांचं काय झालं वो?” मामांकडे उत्तर नव्हतं. मला त्या बाईचा प्रश्न अजून आठवतो आणि खरं सांगायचं तर थोडा रागही येतो. त्या बाईचा नाही, किश्शांचा. हे सगळे किस्से वर बसलेल्याने सांगितलेले असतात. बसमध्ये कोण होतं, कुणाचं पोरगं दचकलं, कुणाची गाभण गाय बिथरली, ते कुणी लिहून ठेवत नाही. पराक्रम त्याचा आणि धडधड आमची.

“आपल्या मिगचा सांगा की,” माझ्या भाच्याने फर्माईश केली. तो हे सगळं मोबाइलवर टिपत होता, फक्त माझे पाय.

मामांचा आवाज बदलला, जरा उंच झाला. “१४ डिसेंबर १९७१. ढाक्यात गव्हर्नरची बैठक होणार अशी खबर. गुवाहाटीला विंग कमांडर बिश्नोई निघायच्या तयारीत. नकाशा कोणता दिला? ढाक्याचा टुरिस्ट नकाशा! आणि ऐन वेळी सांगितलं, सर्किट हाउस नाही, गव्हर्नमेंट हाउस. मिग-२१ घेऊन गेले, त्या नकाशावर घर शोधलं आणि बैठकीच्या दालनावर रॉकेटं सोडली. गव्हर्नर मलिकनं हल्ल्यातच राजीनामा लिहिला.”

टुरिस्ट नकाशावरून हवी ती जागा सापडलेला हा एकमेव पर्यटक असावा. मला गूगलवर सासुरवाडी सापडत नाही.

“मग मिग-२१ बंद का केलं, आजोबा?” भाच्याने विचारलं.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मला वरून पानं दिसत होती, त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

“म्हातारं झालं होतं,” शेवटी ते म्हणाले. “२०२५ च्या सप्टेंबरात चंदीगडला निरोप दिला. २०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री अँटनींनी संसदेत आकडे दिले होते. सगळ्या प्रकारची मिळून ८७२ मिग घेतली, त्यातली ४८२ पडली. वैमानिक १७१ गेले. आम्ही खाली उभे असायचो रे. चार उडाली की परत येताना मोजायची. तीन आली की चौथ्याचा आवाज ऐकू येतो असं वाटत राहायचं. चहा आणून ठेवलेला असायचा त्याचा.”

बायकांचं हसणं थांबलं होतं.

“ज्याचा राजस्थानातला किस्सा मी सांगतो ना, तो आला परत. म्हणून सांगतो.”

या तालुक्याला हे सगळं तोंडपाठ आहे. २०१८ मध्ये पिंपळगाव बसवंतजवळ सुखोई पडलं, ४ जून २०२४ ला शिरसगावात पडलं. दोन्ही वेळा वैमानिक हवाई छत्रीने सुखरूप उतरले. त्या ४ जूनला सगळा देश टीव्हीसमोर बसून लोकसभेचे निकाल पाहत होता. शिरसगाव वर पाहत होतं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांनी परिस्थिती पाहिली, म्हणजे माझे पाय पाहिले, आणि म्हणाल्या, “कात्री द्या इकडं.” तार की सदरा हा वाद त्यांनी कोणाला न विचारता मिटवला. काखेपासून कमरेपर्यंत छाटणीची कात्री फिरली, मेहुण्याने पाय धरले, बायकांनी “हळू, घड, घड!” असा गजर केला आणि मी अर्ध्या सदऱ्यात जमिनीवर आलो. एकही मणी गळला नाही. मेहुण्याने प्रथम त्याचीच खात्री केली.

संध्याकाळी मात्र मांडे झाले. ते माझ्यासाठी की मामांसाठी, हे मी विचारलं नाही. सासूबाईंनी सासऱ्यांचा सदरा काढून दिला. तो मला गुडघ्यापर्यंत येत होता. जेवताना मामांनी ताटातली वाटी सरकवत नवा किस्सा सुरू केला. “आमचे जावई, मंडपाला लागून उडाले. उंची सात फूट.” भाच्याच्या लग्नात ती दीड फुटावर येईल.

मिग-२१ गेलं तरी ओझरचा आवाज थांबलेला नाही. १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथे बांधलेलं पहिलं तेजस उडालं आणि सुखोईची ये-जा चालूच आहे. तेव्हा द्राक्षांच्या दिवसांत त्या बाजूला गेलात आणि डोक्यावर काही घरघरलं, तर अंगणात जाऊन बघा. मंडपाखाली असाल तर तिथेच उभे राहा. निफाडमध्ये तार कापत नाहीत.