बेटावरचा कंट्रोलर

आबा मेढ्याच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. निवृत्त होऊन वर्षं लोटली, पण सातारा गाडी फलाटाला लागली की अजून त्यांची नजर मनगटावर जाते, आणि गाडीला उशीर झालेला असला तर चेहऱ्यावर समाधान पसरतं. आपण होतो तेव्हा असं नव्हतं, याचं. जन्मभर दुसऱ्यांना जत्रेला, लग्नाला, मुंबईला रवाना केलेला हा माणूस स्वतः फारसा कुठं गेला नाही. एकदा जायचं ठरलं, ते थेट अंदमानला.

आबांसारखा एक तरी माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावात असतो. त्याला कंजूष म्हणणं अन्यायाचं होईल. तो पैसे खर्च करतो. फक्त खर्च केलेल्या पैशाचा पाठलाग सोडत नाही. लग्नात आहेराचं पाकीट दिलं की पंगतीतल्या जिलेबीशी त्याचा ताळा लागेपर्यंत उठत नाही. ‘अमर्यादित थाळी’ ही पाटी त्याला आमंत्रण वाटत नाही, आव्हान वाटतं.

आता जावळी तालुक्याचा आणि समुद्राचा संबंध काय? १६५६ साली शिवाजीमहाराजांनी जावळी घेतली, तोवर इथून कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा मोऱ्यांच्या हातात होत्या; पण वाट हातात असणं वेगळं आणि वाळूत पाय पसरून बसणं वेगळं. पुढं इथला माणूस घाट उतरला तो मुंबईला, माथाडी कामासाठी. त्यामुळं मेढेकरांचा समुद्र म्हणजे कोपरखैरण्याच्या नाहीतर घणसोलीच्या पाहुण्यांनी एका रविवारी दाखवलेली गिरगाव चौपाटी. भेळ खायची, घोटाभर पाण्यात उभं राहायचं, आणि गर्दीच्या आत लोकल पकडायची. निळं पाणी, नारळाची झाडं, बेट वगैरे प्रकार आमच्याकडं आला तो पोरं पुण्यात नोकरीला लागल्यावर, आणि त्यांनी आईबापाला विमानात बसवायचं मनावर घेतल्यावर.

आबांच्या मुलानं सहलीचे दर पाठवले. डिसेंबरच्या मानानं मेच्या शेवटच्या आठवड्यातला दर बराच उतरलेला होता. का उतरला, हे मी विचारलं. “धर्माच्या गाईचे दात कोण मोजतं?” आबा म्हणाले. दात मोजायला हवे होते. मोसमी पाऊस अंदमानला साधारण २० मेच्या सुमारास पोचतो, १ जूनला केरळात येतो, आणि आमच्या वेण्णेच्या खोऱ्यात उतरायला जूनचा दुसरा आठवडा उजाडतो. म्हणजे ज्या पावसाला मेढ्याचा माणूस चार महिने कंटाळलेला असतो, त्यालाच पुढं जाऊन गाठायला आबा विमानाचं तिकीट काढून निघाले होते. दोन जोडपी असतील तर आणखी सूट होती, म्हणून त्यांनी आम्हा नवराबायकोलाही ओढलं.

निघायच्या आदल्या रात्री आबांनी वहीत हिशेब मांडला. सहलीची एकूण रक्कम भागिले तास. त्यातून झोपेचे तास वजा. “झोपंत काय दिसतं? मग तिचं पैसं कुणाच्या डोक्यावर टाकायचं? जागेपणाच्याच की!” त्यामुळं जागेपणाचा दर इतका चढला की विमानात डोळा लागला तरी त्यांना चोरी झाल्यासारखं वाटून ते दचकून उठत.

पहिला खटका सूर्याशी उडाला. अंदमान आपल्यापेक्षा इतकं पूर्वेला आहे, आणि घड्याळ मात्र तेच, की मे महिन्यात तिथं पावणेसहाच्या आत दिवस मावळतो. मेढ्यात त्या वेळी उन्हं अजून अंगणात असतात, सूर्य बुडायला सात वाजून जातात. आबांनी सहल सांभाळणाऱ्या पोराला बाजूला घेतलं. “संध्याकाळ तासाभरानं कमी भरली. त्याचं काय?”

पोरगं पुण्याचं, हजरजबाबी. “काका, सकाळ तासभर लवकर मिळते ना. पाचला उजाडतं.”

हे त्यानं बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवसापासून साडेचारला आबा हॉटेलच्या मजल्यावरची दारं वाजवत हिंडू लागले. “उठा, उजेड सुरू झालाय!”

जेट्टीवर तिकिटाच्या खिडकीशी त्यांनी विचारलं, बायकांना अर्धं तिकीट का नाही? आमच्या एस.टी.त मार्च २०२३ पासून आहे. खिडकीतला माणूस तमिळ होता, त्याला हिंदी जेमतेम, आणि आबांची हिंदी तर मेढ्याबाहेर फार लांब जात नाही. तरी संभाषण बराच वेळ चाललं. बोट लागताच आबांनी खिशातला रुमाल काढून खिडकीची जागा धरायला भिरकावला. बोटीच्या खिडक्या काचेच्या, बंद. रुमाल समुद्रात गेला. वहीत त्याची नोंद ‘खर्च’ या सदरात आहे.

सेल्युलर जेलमध्ये मात्र वही खिशातच राहिली. सात पाखांपैकी तीन आता उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी पाहिली, १९११ ते १९२१ ही वर्षं ऐकली. कोलूपाशी वाटाड्यानं सांगितलं, कैद्याला दिवसाला तीस पौंड खोबरेल काढून द्यावं लागे. आबांनी सवयीनं किलो केले. साडेतेराच्या वर भरतात. मग त्यांनी कोलूच्या दांड्याकडं पाहिलं, आणि परत बसपर्यंत ते कुणाशी बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत ही बातमीच.

खरी परीक्षा पुढं होती. स्वराजद्वीप, म्हणजे २०१८ पर्यंतचं हॅवलॉक, तिथला राधानगर किनारा. लांबलचक पांढरी वाळू, मागं उंच झाडांचं रान, आणि करायला काहीही नाही. हे ‘काही नाही’ विकत घ्यायलाच लोक जगभरातून येतात, ते आबांना पटेना. कार्यक्रमपत्रिकेत ‘दहा ते एक : किनाऱ्यावर आराम’ असं छापलेलं होतं. आबा दहाला आरामाला बसले. दहा-सात झाले तेव्हा त्यांनी विचारलं, “झाला का?” मग खिशातून वीसची जुनी तांबडी नोट काढली. तिच्या पाठीवर नारळाची झाडं आणि मागं समुद्र आहे, ते चित्र अंदमानचं, हे त्यांना पोर्ट ब्लेअरमध्येच कळलं होतं. (त्या गावाचं नाव २०२४ साली श्री विजयपुरम झालं, तरी जुनं तोंडातून जात नाही.) ती नोट डोळ्यासमोर धरून ते किनाऱ्यावरच्या एकेका झाडाशी ताडून पाहू लागले. ते चित्र नॉर्थ बेचं, दुसऱ्याच बेटावरचं, हे समजल्यावर म्हणाले, “म्हणजे अजून एक बघायचं राहिलंच.”

काकींचं वेगळंच चाललेलं. आबांच्या मंडळी वाळूवर अशा जागी बसल्या होत्या की लाट पायापर्यंत यावी आणि मागं जावी. नऊवारीचा ओचा खोचलेला, हातात काही नाही. शेंगा नाहीत, विणकाम नाही, मोबाईल नाही. अर्ध्या तासानं आबा गेले.

“काय करतीयास?”

“बसलीया.”

“बसायला एवढ्या लांब यायचं?”

“मग? घरी बसू देता व्हय?”

आबा परत आले. हा वेळ कुठल्या सदरात टाकावा ते त्यांना उमगत नव्हतं. काकी एकपर्यंत तशाच बसल्या, आणि माझ्या मते त्या सहलीत सगळे पैसे त्यांचेच फिटले. पण हे आबांना सांगायची सोय नव्हती.

आणि मग दुपारी तो आला. आधी समुद्राची कड काळवंडली, मग मागच्या रानातून आवाज आला, आणि पाच मिनिटांत ओळखीचा, आडवातिडवा, छत्रीला न जुमानणारा पाऊस. किनाऱ्यावर लाल बावटा लागला. काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ पाहणं रद्द. दुसऱ्या दिवशी परतीची बोटही वाऱ्यामुळं रद्द.

जेट्टीवर पाचपन्नास माणसं भिजत गोळा झालेली. बंगाली, गुजराती, तेलुगू, आणि आपले मराठी सगळ्यांत मोठ्यानं. खिडकीतल्या एकट्या कारकुनावर सगळे तुटून पडले. तो बिचारा मान खाली घालून कागद चाळत होता. आबांनी ते पाहिलं. पस्तीस वर्षं त्या खिडकीच्या आतून हेच सोसलेला माणूस. त्यांचा पाठकणा ताठ झाला, टोपी सरळ झाली, आणि ते गर्दीतून वाट काढत खिडकीच्या पलीकडं, कारकुनाच्या शेजारी जाऊन उभे राहिले. कुणी अडवलं नाही. अशा माणसाला कुणी अडवत नाही.

“यात्री लोगों, इधर ध्यान देनेका! बोट रद्द नहीं, पुढे ढकली है! पहले बाल-बच्चेवाले, फिर म्हातारे माणसं, फिर बाकीके! लाइन करो, लाइन!”

आणि लाइन झाली. आबांनी वही फाडून चिठ्ठ्या केल्या, क्रमांक घातले. रडणाऱ्या पोराला शेंगदाण्याचा लाडू दिला. “बोट कब आएगी?” म्हणून ओरडणाऱ्या एका सूटवाल्याला शांतपणे म्हणाले, “आली की लागेल.” हे वाक्य मेढ्यानं वर्षानुवर्षं ऐकलंय. साडेतीन तास ते उभे होते, एकदाही घड्याळ पाहिलं नाही. कारकुनानं त्यांना स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला. निघताना तो आबांशी हात मिळवून काहीतरी तमिळमध्ये बोलला. आबा म्हणाले, “व्हय, व्हय. स्टाफ कमी असला की असंच.”

परतताना विमानतळावर त्यांच्या पिशवीतले शंख आणि प्रवाळाचे दोन तुकडे निघाले. ते बाहेर नेणं कायद्यानं बंद आहे, ते तिथंच ठेवून घेतले. एरवी यावर तासभर वाद झाला असता. आबांनी उलट तपासणाऱ्या माणसाला शाबासकी दिली. नियम म्हणजे नियम.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मेढ्यावर पाऊस धरला. स्टँडवर लोक पत्र्याखाली पळाले, भराभर छत्र्या उघडल्या. आबा मधोमध उघड्यावर, टोपीवरून पाणी गळतंय.

“आरं, कुठं पळताय? ह्योच पाऊस तिथं माणशी किती मोजून बघितलाय, ठाव हाय का? फुकट आलाय तर घ्या की अंगावर!”