खोक्याचा बाप कोण?

चार्जर चालू असतो तोवर त्याला पाच बाप असतात. शेन्झेनमध्ये तो घडवणारा, न्हावाशेवा बंदरात कंटेनर उतरवून घेणारा, त्यावर स्वतःचं नाव छापणारा, ऑनलाइन दुकानात तो मांडणारा आणि ‘सर्वांत स्वस्त आमच्याकडेच’ म्हणत ते दुकान चालवणारा. चार्जर मेला की सुतक पाळायला एकही शिल्लक राहत नाही. कारखानदार म्हणतो, ऑर्डरप्रमाणे माल दिला. आयातदार म्हणतो, मी नुसता उतरवला. ब्रँडवाला म्हणतो, मी फक्त नाव दिलं. प्लॅटफॉर्म तर जन्मजात ब्रह्मचारी: आम्ही केवळ मध्यस्थ! जाहिरातीत घरचे, कचऱ्यात त्रयस्थ.

ही टोलवाटोलवी सरकारला ठाऊक नाही असं समजू नका. ई-कचऱ्याचे नियम आपल्याकडे २०११ साली आले, मे २०१२ पासून लागू झाले, आणि ज्यानं वस्तू बाजारात आणली त्यानंच तिची शेवटची सोय बघावी हे तेव्हाच लिहून ठेवलं गेलं. सरकारी भाषेत ही ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’. बाजारात तिला ईपीआर म्हणतात, कारण एवढं लांबलचक नाव घेईपर्यंत माल खपून जातो. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या नियमांत उत्पादक कोण हे सांगताना, विकण्याची पद्धत कुठलीही असो, असं स्पष्ट म्हटलंय. दुसऱ्यानं बनवलेल्या मालावर आपलं नाव डकवलंत तरी उत्पादक तुम्हीच. प्लॅस्टिकच्या वेष्टनांसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी तर ऑनलाइन प्लॅटफॉर्मना थेट ब्रँडमालकांच्या पंगतीत बसवलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना तेवढं त्या पंगतीतून वगळलं. ज्या बाबूनं हा मसुदा लिहिला त्याला मनापासून नमस्कार. पळवाटा त्याला सगळ्या माहीत होत्या.

तोवर खोक्यांची तक्रार (राजकीय नव्हेत, पुठ्ठ्याची) एका सोळा वर्षांच्या मुलानं राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेली होती. बोटभर वस्तू, हातभर खोकं आणि मधल्या जागेत हवा भरलेल्या पिशव्या: अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट एवढं प्लॅस्टिक का वापरतात, असा त्याचा साधा प्रश्न. दोन्ही कंपन्यांनी आपापल्या गोदामांतल्या पॅकिंगमधून एकदाच वापरायचं प्लॅस्टिक हटवल्याचं जाहीर केलं. ‘आपापल्या गोदामांतल्या’ हे शब्द पुन्हा एकदा वाचा. विक्रेता आपल्या गाळ्यातून परस्पर धाडतो ते पार्सल, त्यावरची अर्धा रीळ चिकटपट्टी आणि आतला बबल रॅप या हिशेबाबाहेर.

असो. जबाबदारी आहे हे ठरलं. ती पार पाडायची कशी, इथे खरी मौज आहे. कंपनीनं आपलं खोकं शोधत हिंडायचं नाही. तिनं शंभर टन प्लॅस्टिक बाजारात सोडलं, की कुणीतरी कुठेतरी त्याच जातीचं प्लॅस्टिक वितळवतो, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर त्याची प्रमाणपत्रं निघतात आणि कंपनी ती विकत घेते. पाप आपण करायचं आणि नाशिकला गोदेत डुबकी मारून आलेल्या माणसाकडून पुण्याची पावती घ्यायची! पद्धत मुळातच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. साबणाच्या कंपनीनं गडचिरोलीत जाऊन स्वतःचंच पाकीट हुडकावं ही अपेक्षा वेडेपणाची आहे. पण ज्या देशात कागदाला भाव येतो तिथे कागद भरघोस पिकतो. २०२३ मध्ये मंडळानं तपासणी केली तेव्हा सुमारे सहा लाख प्रमाणपत्रं बनावट निघाली. ती पिकवणारे गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातले. औद्योगिक राज्य म्हणून आपला नंबर कुठे हुकत नाही, याचं समाधान मानायचं.

आणि उद्दिष्ट किती? प्लॅस्टिकसाठी २०२३-२४ पासून शंभर टक्के. कागदावर म्हणजे एकही पिशवी अनाथ नाही. उकिरड्यावर दिसतात त्या बहुधा परराष्ट्रातून आल्या असाव्यात.

आता जर्मनीची गंमत पाहा. कोल्हापूरच्या एखाद्या व्यापाऱ्यानं म्युनिकच्या गिऱ्हाइकाला ऑनलाइन चपलांचा एक जोड विकला, तरी त्या खोक्यासाठी तिथल्या ‘ल्युसिड’ या वेष्टन-नोंदवहीत नाव लागतं. वर्षाला इतक्या किलोपर्यंत माफ, असली सवलत नाही. १ जुलै २०२२ पासून ही नोंद तपासायचं काम कायद्यानं प्लॅटफॉर्मच्याच गळ्यात घातलंय. नंबर नसेल तर माल विकायचा नाही. मग तीच कंपनी, तेच अ‍ॅप, पण मध्यस्थपणाची सबब तिथे निमूट खिशात. आपल्या नियमांतही नोंदणी नसलेल्यांशी व्यवहार करू नये असं लिहिलेलं आहे. लिहिलेलं आपल्याकडे पुष्कळ असतं. विक्रेत्याला त्यातून काय कळतं? की कुठलंसं सर्टिफिकेट काढायचं असतं. ते ‘काढून देणारे’ सल्लागार त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, कागदपत्रं मागतात, फी घेतात. या सगळ्या साखळीत कचऱ्याला हात न लावता नियमित कमाई करणारा तेवढा हाच एक.

पैशाचा विषय निघालाच तर सप्टेंबर २०२४ बघा. ई-कचरा गोळा करून धडपणे मोडणाऱ्याला परवडावं म्हणून सरकारनं किमान दर ठरवला. घरगुती विजेच्या उपकरणांना किलोमागे २२ रुपये. एवढ्यानं डायकिन, सॅमसंग, एलजी अशा मातब्बर कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. खर्च फार वाढतो म्हणे. आमच्या गल्लीतला भंगारवाला मात्र उलटा व्यवहार करतो. जुना फ्रिज तो आपल्याला पैसे देऊन नेतो. पुढे त्याच्या पलीकडचा कुणी तांब्यासाठी उघड्यावर तारा जाळतो, धूर त्याच्या छातीत जातो आणि त्याचं प्रमाणपत्र कुठल्याच पोर्टलवर निघत नाही. प्लॅस्टिकचंही तेच. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांसाठी भांडतेय. पुठ्ठा, दुधाची पिशवी, बाटली हे कचरावेचक वेचतात, कारण ते विकलं जातं. वेफरचं चकचकीत पाकीट भंगारवाला घेत नाही, म्हणून ते तिथेच पडून राहतं. ईपीआरचा पैसा खरं तर त्या पाकिटामागे यायला हवा होता.

आणि परत आणणं अवघड असतं, हे तर कुणी सांगूच नये. शर्टाचा रंग फोटोपेक्षा फिका निघाला तर हीच प्लॅटफॉर्मवाली मंडळी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद असताना, माणूस पाठवतात. फुकट. परत करण्याच्या कारणांत ‘आता नको आहे’ हेसुद्धा चालून जातं. जुना फोनही नेतात, नव्याचं बिल फाडलंत तर. म्हणजे गाडी आहे, माणूस आहे, पत्ता आहे, येण्याची वेळसुद्धा कळते. पर्यावरण मंत्रालयानं पुढच्या दुरुस्तीत एकच कलम घालावं: ज्या प्लॅटफॉर्मनं मिक्सर दारात आणून दिला त्यानंच जळालेला मिक्सर दारातून न्यावा, आणि नेणाऱ्या पोराला त्या फेरीचे आणून देण्याइतकेच पैसे द्यावेत. मग मोजा, मध्यस्थांचे किती वकील दिल्लीच्या पहिल्या विमानात बसतात ते.