कुंड्यांचा चिटबॉय

मृग निघाला की बिद्रीतली माणसं कौलं परतून घेतात, बियाण्याची पोती झाकतात. आमचे शेजारी तात्या सोफा सरकवायला लागतात. त्या जागी एकोणीस जिरॅनियम बसणार असतात. आल्यागेल्यानं जिन्याच्या पायरीवर टेकायचं.

हा तात्या साखर कारखान्याच्या पट्ट्यात गावोगाव सापडतो. नोकरी शेती खात्यात, हुद्दा चिटबॉय. ऊसलागणीची नोंद यानं घ्यायची, तोडीची चिठ्ठी यानं द्यायची. शंभर एकरांचा मालकसुद्धा "तात्या, च्या घेऊन जावा की" म्हणत बांधापर्यंत मागं येणार. असे तीस-बत्तीस हंगाम काढून माणूस रिटायर होतो आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या लक्षात येतं, की आता चहा आपल्यालाच मागून घ्यायचा आहे. मग तो कुंड्या पाळतो. लावतो नव्हे, पाळतो.

त्यातही तात्यांनी नेमकं आमच्या हवेला न मानवणारं झाड धरलं. जिरॅनियम मूळचं आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचं. दांडा मांसल, पोटात पाणी धरून बसणारा. बुडाशी ओल राहिली की तो खालून काळा पडत वर येतो आणि बोटानं दाबला तर पिकल्या केळ्यासारखा लिबलिबतो. आमच्याकडं तर तरणा पाऊस सरला की म्हातारा लागतो. राधानगरीच्या बाजूनं एकदा ढग उठले की आठ-आठ दिवस उन्हाचा पत्ता नसतो. म्हणून कुंड्या घरात.

खिडकीशी सहाच कुंड्या मावतात, मग नंबर आलाच. चतकोर कागदाच्या चिठ्ठ्या, त्यावर लागणीची तारीख आणि जात, तीही उसाची. लाल फुलाचं झाड म्हणजे '८६०३२', कारण "कुठंबी येतंय, दगा देत न्हाई." पांढरं म्हणजे '२६५'. फांदी कापून दुसऱ्या कुंडीत खोचली की ती दोन डोळ्यांची टिपरी. जुनं झाड छाटून पुन्हा फुटवलं की खोडवा. एकदा काकूंनी ओला टॉवेल वाळत घालायला त्या खिडकीत हात घातला, तर तात्या आतून ओरडले, "नोंद हाय काय त्याची?"

एक गुलाबी कुंडी मात्र महिनाभर खिडकीतून हललेली मी पाहिली नाही. नातीनं महाबळेश्वरच्या सहलीतून आणलेली. मी बोट दाखवलं. तात्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "सभासदाची हाय."

थोरला मुलगा जर्मनीत, म्युनिकजवळ. तिकडच्या बाल्कन्या उन्हाळाभर याच फुलांनी लाल असतात आणि थंडी पडायच्या आत लोक कुंड्या घरात घेतात, हे त्यानं फोनवर सांगितलं तेव्हा तात्यांची छाती फुगली. "म्हंजे आमचंच बरोबर. त्येंचा पावसाळा बर्फाचा, एवढाच फरक!" पण पोरगं तिथं थांबलं नाही. काही जण झाड उपटून, मुळांची माती झटकून, तळघरात उलटं टांगून ठेवतात आणि वसंतात पुन्हा लावतात, हेही सांगून बसलं. दुसऱ्या दिवशी माजघरात कांद्याच्या वेणीशेजारी तीन जिरॅनियम उलटी लोंबत होती. तिकडचं तळघर कोरडं, गार. इथं भर म्हाताऱ्या पावसात डब्यातला पापड दोरीसारखा वाकतो. आठवड्यात झाडांवर बुरशीची लव चढली. काकू एवढंच म्हणाल्या, "बरं झालं, पोरानं माणसं टांगत्यात म्हणून सांगितलं न्हाई."

नातीनं पुस्तकात बघून आणखी एक काडी टाकली. हे खरं जिरॅनियमच नव्हे. लिनियसनं १७५३ साली या झाडांना जिरॅनियममध्ये घातलं आणि १७८९ साली लेरितिए नावाच्या फ्रेंच माणसानं त्यांचं पेलार्गोनियम हे वेगळं घर मांडून दिलं. लोकांच्या तोंडी मात्र जुनंच नाव राहिलं. मला वाटलं, तात्या खचणार. ते शांतपणे म्हणाले, "फेरफार झालाय, सातबाऱ्यावर नाव लागायचं ऱ्हायलंय. आमच्या वडिलार्जित रानाचं तसंच हाय."

कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपनाचा नारळ फुटला की तात्यांच्या कुंड्या अंगणात येतात, एक दिवस आधी नाही. उजेडाअभावी लांबट, पिवळट झालेली झाडं आधी चार दिवस पेरूच्या सावलीत, मग उन्हात. गेल्या वर्षी एकोणीसपैकी चौदा जगली. तात्यांनी वहीत हिशेब मांडला आणि मला हाक मारली. "कारखान्याला बारा टक्के उतारा पडला की पेढे वाटत्यात. आमचा बघा, त्र्याहत्तर!" पेढे काही वाटले नाहीत.

कोल्हापूरहून गारगोटीला जाताना मुदाळ तिट्ट्याच्या अलीकडं बिद्री लागतं. पावसाळ्यात आलात तर बसायला जागा मिळणार नाही. पण निघताना तात्या ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक टिपरी हातात देतील, ती घ्या. नको म्हणालात तर पुढच्या हंगामात तुमचा नंबर लागणार नाही.