पुनर्जन्मप्राप्त माऊस यांस अनावृत पत्र

श्रीमान बिनवायरी माऊस,
मुक्काम चाकण एमआयडीसी, परचेस विभाग, खिडकीजवळचे टेबल

स. न. वि. वि.

पर्यावरण दिनी एचआरने आपल्याला आमच्या टेबलांवर विराजमान केले, फोटो काढले, त्याला आता बरेच दिवस झाले. आपल्या आधीचा वायरवाला माऊस धडधाकट होता. त्याची रवानगी खणात झाली. ई-कचऱ्याच्या नियमांत संगणकाबरोबर त्याची इनपुट उपकरणेही येतात, म्हणजे तो नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवा. पण स्टोअर म्हणते अ‍ॅडमिनला विचारा, अ‍ॅडमिन म्हणते आयटीला.

आपले खोके मी बारकाईने वाचले. वापरून झालेल्या प्लास्टिकची टक्केवारी ठळक आहे आणि तिच्या डोक्यावर एक चांदणी आहे. चांदणीचा खुलासा तळाशी, भिंग लागेल अशा अक्षरांत: सर्किट बोर्ड, रिसीव्हर आणि पॅकिंगमधले प्लास्टिक हिशेबात धरलेले नाही. चालायचेच, सोयरीक जुळवताना कोण सगळे चुलते मोजतो? मायक्रोसॉफ्टने 2021 मध्ये समुद्री प्लास्टिकचा म्हणून जो माऊस आणला, त्याच्याही कवचात ते प्लास्टिक वजनाने 20 टक्केच होते. त्यांनी आकडा उघड सांगितला, एवढे मानायला हवे.

खरे कौतुक आपल्या धाडसाचे. आमच्या पट्ट्यातल्या कुठल्याही मोल्डिंग शॉपमध्ये येऊन पाहा. साच्यातून पार्ट निघतो, सोबत रनर, म्हणजे वाटेत गोठलेले जादा प्लास्टिक, निघतो. तो ग्राइंडरमध्ये भरडून नव्या दाण्यात किती मिसळायचा, हे गाडीवाली कंपनी ठरवते. कित्येक पार्टना मुळीच परवानगी नसते. ठरल्यापेक्षा जास्त सापडला की ऑडिटर एनसी, म्हणजे त्रुटीचा शेरा, काढतो, लॉट परत येतो आणि सप्लायरची झोप उडते. त्यामुळे इथे असला दाणा कोणी मिरवत नाही. आपण मात्र तीच गोष्ट हिरव्या शाईत छापून वर चार पैसे जास्त घेता! दर वेळी तापवले की प्लास्टिक थोडे अशक्त होते, हे खरे. पण आपल्याला कुठे बंपर व्हायचे आहे?

आपण काळेच का, हेही कोणी सांगत नाही. रंगीबेरंगी भंगार एकत्र वितळले की मळकट रंग येतो आणि तो झाकायला काळ्यासारखा रंग नाही. हे मला कुठल्या वेबिनारमध्ये नव्हे, चिखलीतल्या कुदळवाडीच्या भंगार बाजारात कळले. आपण ज्या एबीएस प्लास्टिकचे, त्याचीही पारख तिथे बिनयंत्राची होती: तुकडा फरशीवर आपटून आवाज ऐकायचा, टोक जाळून वास घ्यायचा, पाण्यात टाकायचा. पॉलिप्रॉपिलीन तरंगते, एबीएस बुडते. मीठ पुरेसे टाकले की तेही वर येते. त्याच्याही आधी कोणा बाईने ते कचऱ्यातून वेचलेले असते. अशा बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून पुण्यात ओळखपत्रासाठी आणि कष्टाच्या मोलासाठी भांडते आहे. आपल्याला प्रमाणपत्र मात्र खोक्यासकट मिळाले.

फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने कुदळवाडीतल्या हजारो शेड आणि गोदामे बुलडोझर लावून भुईसपाट केली. बांधकामे बेकायदा होती. आगी लागत, जळक्या प्लास्टिकचा धूर आसपासच्या घरांत शिरे. राहणाऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. पण शेड पाडल्याने भंगार थोडेच कमी होते? ते दुसऱ्या गावच्या हद्दीत, आणखी आडबाजूला जाऊन बसते. इंद्रायणीच्या त्या काठावर जे उकिरडा ठरले, तेच सातासमुद्रापार जाऊन आपल्या रूपाने परत आले की या काठावर ‘सस्टेनेबिलिटी’ ठरते आणि आमच्या वार्षिक अहवालात अख्खे पान मिळवते. आपण विमानाने आलात की बोटीने, याचा त्या पानावर उल्लेख नाही.

तेव्हा एक विनंती. पुढच्या ऑर्डरच्या वेळी परचेसच्या साहेबांच्या हाताखाली असाल, तेव्हा कर्सर जरा भोसरीकडे वळवा. रीतसर जागा, धूर ओढणारा पंखा आणि सांडपाण्याची सोय असलेला एखादा दाणेवाला सापडला, तर त्यालाही कोटेशन मागा. टेबलावरचे पेन स्टँड आणि फायलींचे ट्रे त्याच्या दाण्याचे चालतील. तिथे ऑडिटर येत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
उजव्या हाताचा एक वापरकर्ता

ता. क. काल आपला पेन्सिल सेल संपला. खोक्यावर चाकांच्या कचरापेटीचे चित्र आहे आणि त्यावर फुली आहे. कुठे टाकायचा नाही ते समजले. कुठे टाकायचा, ते उलट टपाली कळवावे.