विरार फास्टमधली कबुतरं

माणूस अमुक एका प्रकारे का वागतो, हे शिकायला लोक अमेरिकेला जातात. आम्हा वसई-विरारकरांना ते शिक्षण मासिक पासातच मिळतं.

१८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उपाशी मांजरांना खटक्याच्या पिंजऱ्यात कोंडलं आणि बाहेर खाऊ ठेवला. मांजर आधी ओरबाडायचं, चावायचं, मग कधीतरी चुकून खटका दाबला जायचा आणि दार उघडायचं. पुन्हा पुन्हा कोंडल्यावर सुटकेला लागणारा वेळ कमी होत गेला. ज्या कृतीचं फळ गोड ती माणूसही पुन्हा करतो, कडू ती टाळतो, हे तत्त्व त्यातून निघालं. मांजरांना बऱ्याच खेपा लागल्या. आमच्या पुण्याच्या भाच्याला एकच पुरली.

संध्याकाळी दादरला विरार फास्ट मिळाली म्हणून स्वारी खुशीत चढली. उतरायचं होतं बोरिवलीला. अंधेरी गेल्यावर त्याने पुणेरी स्पष्टपणे विचारलं, "जरा पुढे जाऊ देता का?"

"कुठे उतरणार?" एका काकांनी मान न वळवता विचारलं.

"बोरिवली."

"मग बोरिवली गाड्या काय शोभेला सोडतात?"

कोणी धक्का दिला नाही, शिवीही दिली नाही. फक्त कोणी हललं नाही. बोरिवली आली आणि गेली. मग दहिसर, मीरा रोड, भाईंदर, खाडी, नायगाव. शेवटी तो वसईला उतरला आणि आमच्याकडे जेवून गेला. आता इंडिकेटरवर 'वि' हे अक्षर दिसलं तरी तो दोन पावलं मागे सरकतो.

दंड, फलक, उद्घोषणा यांनी जे साधत नाही, ते त्या काकांनी एका वाक्यात साधलं. कारण त्यांचा अभिप्राय जागच्या जागी मिळाला, नक्की मिळाला आणि ज्याचा त्याला मिळाला. तीन महिन्यांनी नोटीस आली असती, तर भाच्याने ती इस्त्रीच्या कपड्यांखाली घातली असती. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी हे बरोबर ओळखलं होतं. काही सिग्नलांना त्यांनी आवाज मोजणारी यंत्रं जोडली. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू! २०२० च्या जानेवारीत त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली. हॉर्न दाबणाऱ्याला मग पोलिसाची गरज उरत नाही, मागचा रिक्षावालाच त्याचं प्रबोधन करतो.

पण शिक्षेपेक्षा बक्षिसाचा खेळ जास्त मजेदार. १९४८ साली बी. एफ. स्किनर यांनी पिंजऱ्यातल्या भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने आपोआप दाणे मिळतील अशी सोय केली. कबुतराने काहीही करो, दाणे येणारच. पण दाणे आले तेव्हा आपण जे करत होतो, त्यामुळेच ते आले, अशा थाटात एक कबूतर उलट्या दिशेने गोल फिरू लागलं, दुसरं पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोकं खुपसू लागलं. आठांपैकी सहा कबुतरं अशी कर्मठ निघाली.

विरारच्या फलाटावर सकाळी हे प्रमाण आणखी वर जाईल. एक गृहस्थ ठरलेल्या खांबाला पाठ टेकूनच उभे राहतात. दुसरे गाडी शिरताना चष्मा खिशात घालतात (यामागे सुरक्षेचा विचार आहे असं ते म्हणतात). मी जीवदानीच्या डोंगराकडे बघून हात जोडतो आणि डाव्या पायावर भार देतो, कारण मागे एकदा असं केल्यावर खिडकी मिळाली होती. रोज मिळाली असती तर तिचं काही वाटलं नसतं, कधीच मिळाली नसती तर नाद सुटला असता. कधीमधी, बेभरवशाने मिळते, म्हणून तो सुटत नाही. अशा लहरी बक्षिसाने लागलेली सवय सर्वांत चिवट असते, हे स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ साली जाडजूड ग्रंथ लिहून दाखवलं. लॉटरीवाल्याला ते ग्रंथ न वाचताच ठाऊक होतं.

नालासोपाऱ्याची मंडळी बसायला मिळावं म्हणून उलटी विरारला येतात आणि त्याच गाडीने परत जातात. विरारकर त्यांना रोज टोमणे मारतात आणि ती रोज येतात. टोमण्यापेक्षा सीट मोठी. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली तेव्हा दिवसाला एकच फेरी होती. त्या प्रवाशांना बहुधा ऐसपैस जागा मिळत असावी. बिचाऱ्यांचं शिक्षण अर्धवट राहिलं.

स्किनर यांना स्वतःला शिक्षा पसंत नव्हती. शिक्षेने वागणं दबतं, नवं चांगलं वागणं काही शिकवलं जात नाही, असं त्यांचं मत. आमच्या डब्याचा बक्षिसाचा विषय कच्चा आहे. दारात अडलेल्याला सगळा डबा ऐकवतो, पण कुणी तिघांच्या बाकावर अंग चोरून चौथी सीट दिली तर घेणारा बसतो, मोबाइल काढतो आणि संपलं. देणाऱ्याला मिळतं काय, तर शेजाऱ्याचं कोपर. मग तो दुसऱ्या दिवशी पाय फाकवून बसतो, यात नवल काय?

तेव्हा उद्या कुणी सरकून जागा दिली तर थँक्यू म्हणा. आणि बसताक्षणी म्हणा, भाईंदरची खाडी ओलांडल्यावर म्हणून उपयोग नाही.