पुण्यास गेलेल्या ऑपरेटरसाहेबांस

रा. रा. ऑपरेटरसाहेब,
मु. पो. हिंजवडी, जि. पुणे

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या तुमच्या जुन्या कंपनीच्या सर्व्हरला तुमच्यावाचून करमत नाही. तुम्ही राजीनामा दिलात, पेढे वाटलेत, हिंजवडीला गेलात. पण डेटाबेसच्या दप्तरी अजून हजर आहात. त्याला काही दुखले-खुपले की तो तुम्हालाच कळवतो. तुमची ऑफिसची मेलपेटी एचआरने दुसऱ्याच दिवशी बंद केल्यामुळे ती सारी गाऱ्हाणी परत येतात. माझेही पत्र परत आले, म्हणून हे खुले लिहितो.

आधी तुमचे कौतुक. डेटाबेसची ठरलेली कामे वेळच्या वेळी उरकणाऱ्या एसक्यूएल सर्व्हर एजंटमध्ये तुम्ही बसवून दिलेली घडी दृष्ट लागण्यासारखी होती. रात्री फुल बॅकअप, दिवसा दर १५ मिनिटांनी लॉग बॅकअप, रविवारी पहाटे डेटाबेस धडधाकट आहे की नाही याची तपासणी. साहेब खूश. “ऑटोमॅटिक आहे ना? मग बघायचं कशाला?” हे त्यांचे वाक्य तेव्हापासून कंपनीचे धोरण आहे.

परवा डिस्पॅचवाल्याने चुकून महिन्याभराची चलने पुसली आणि वर म्हणाला, “कालचा बॅकअप लावा.” कालचा? शोधून शोधून दमलो. मग उलगडा झाला. अशा प्रत्येक ठरलेल्या कामाला, म्हणजे जॉबला, एक मालक लागतो, आणि तिथे तुमचे स्वतःचे विंडोज लॉगिन होते. ते काढून टाकल्यावर, हा मालक सर्व्हरवर येऊ शकतो की नाही हेच एजंटला ठरवता येईना. त्याने प्रत्येक वेळी जॉब फसल्याची नोंद केली. जॉब फसला की ऑपरेटर म्हणून नोंदवलेल्या माणसाला, म्हणजे तुम्हाला, मेल करायचा, ही सूचनाही तुमचीच. तीही त्याने इमानेइतबारे पाळली. थोडक्यात, तुम्ही नाही म्हणून बॅकअप होईना, आणि बॅकअप होत नाही हे कळवायचे ते फक्त तुम्हाला. सरकारी चौकशी समितीलाही इतके बिनचूक वर्तुळ जमले नसते.

हे कधीपासून चालले होते ते जॉबच्या इतिहासात पाहावे, तर एजंट मुळात एकूण १००० आणि एका जॉबच्या १०० ओळीच जपून ठेवतो. दर १५ मिनिटांनी फसणारा जॉब आपल्या वाट्याच्या १०० ओळी दोन-तीन दिवसांत भरून टाकतो. पहिल्या अपयशाची नोंद नंतरच्या अपयशांनीच पुसली.

दुसऱ्या एका जॉबची लाल फुली साहेबांच्या डोळ्यांत सलत होती. बाहेरून बोलावलेल्या कन्सल्टंटने ती चहा थंड व्हायच्या आत घालवली. पायरी फसली तर काय करायचे, या रकान्यात ‘यशस्वी झाल्याचे कळवून थांब’ असा पर्याय खरोखरच असतो. त्यांनी तो निवडला. तेव्हापासून तो जॉब रोज हिरवागार आहे. मार्चअखेरीचे अहवाल लिहून हात बसलेल्या आम्हा मंडळींना त्यात काही वावगे वाटले नाही.

अलर्टचेही तसेच. १९ ते २५ गंभीरतेच्या सगळ्या चुकांवर तुम्ही अलर्ट लावलेत. इशाऱ्यांमधले अंतर शून्य ठेवले तर एकाच चुकीच्या मेलांचा पाऊस पडतो, म्हणून तिथे आठवणीने ६० सेकंद घातलेत. पण ८२५ क्रमांकाचा संदेश सुटला. डिस्कवरचे पान पहिल्या फटक्यात वाचता आले नाही, पुन्हा प्रयत्न केल्यावर आले, एवढेच तो सांगतो. गंभीरता अवघी १०, म्हणून तुमच्या चाळणीतून निसटतो. डिस्क शेवटच्या घटका मोजू लागली तर पहिली कुणकुण बहुधा हाच देतो.

वाईट वाटून घेऊ नका, थोरामोठ्यांचेही हेच झाले आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेसच पुसला गेला. बॅकअप शोधायला जावे तर तो होतच नव्हता, ९.६ आवृत्तीच्या डेटाबेसवर ९.२ चे साधन चालत होते. फसल्याचे मेल निघत होते, पण डीमार्क या मेल-पडताळणीच्या नियमात बसत नसल्याने नाकारले जात होते. साधारण सहा तासांचा डेटा गेला.

इशारा कसा असावा हे तुम्हाला काय सांगायचे, तुम्ही तर पंचवटीत वाढलेले. गंगापूर धरणातून पाणी सोडले की सगळे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, एवढ्यावर सराफ बाजारातला आणि भांडी बाजारातला दुकानदार माल कधी उचलायचा ते ठरवतो. २०१६ आणि २०१९ च्या पुरांतही गाव याच मापात बोलत होते. मारुतीराया कुणाला मेल करत नाही. तो भर पात्रात सर्वांच्या डोळ्यांसमोर उभा आहे, कुठल्या पाण्याला काय करायचे हे ज्याला त्याला ठाऊक आहे, आणि बघणारा एखादा पुण्याला गेला तरी उरलेले नाशिक बघतच असते. आपल्या सर्व्हरचा इशारा मात्र एकाच माणसाच्या नावावर होता, तोही माणूस गेलेला.

तेव्हा तुमचे नाव दप्तरातून कमी करत आहे. जॉबची मालकी कुणा माणसाऐवजी ‘एसए’ खात्याकडे. ८२५ साठी वेगळा अलर्ट. मशीन रीस्टार्ट झाले की एजंटही आपोआप सुरू व्हावा अशी सोय. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघणे. आणि रोज सकाळी कुणीतरी जॉबची यादी डोळ्यांखालून घालणे. शेवटच्या कलमाला साहेबांचा सक्त विरोध आहे. ऑटोमॅटिक म्हटल्यावर ‘कुणीतरी’ कशाला, असे त्यांचे म्हणणे.

ते शिरसावंद्य मानून ऑपरेटरच्या रकान्यात मी त्यांचाच ईमेल घातला आहे. दोन इशाऱ्यांमधले अंतर तूर्त शून्य ठेवले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
तुमच्या टेबलावरचा नवा माणूस