ऐंशीव्या मिनिटाचे काका

ऐंशीव्या मिनिटाला उठणाऱ्या माणसाशेजारी बसून फुटबॉल बघायची वेळ तुमच्यावर आली असेल, तर तुम्हाला जास्त काही सांगायला नको. लग्नात अक्षता पडायच्या आत पंगतीत जागा धरणारी जी मंडळी असतात, त्यांची ही मैदानावरची शाखा. आमच्या सोसायटीतले सहीकाका या शाखेचे तहहयात अध्यक्ष. घड्याळात ऐंशी झाले की ते पिशवी काखोटीला मारतात, अख्ख्या रांगेचे गुडघे बाजूला सारतात आणि "चल रे, बस लागली असेल" म्हणत चालू पडतात.

बस म्हणजे बेस्टची नव्हे. खेळाडूंची.

जून 2018. अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात भारताने चायनीज तैपेईचा 5-0 असा फडशा पाडला, तो बघायला जेमतेम अडीच हजार माणसं. सुनील छेत्रीने मग व्हिडिओ काढून लोकांना विनवलं, शिव्या द्यायच्या तर द्या, पण मैदानात येऊन द्या. पुढचा सामना केनियाशी, छेत्रीचा शंभरावा. तिकिटं संपली, पाऊस धो धो. 68 व्या मिनिटाला छेत्रीने पेनल्टी मारली, तीन मिनिटांत जेजेचा गोल, स्टेडियम डोक्यावर. आणि ऐंशी झाले. काका उठले. मी नाही उठलो. भरपाईच्या वेळेत छेत्रीने धावत्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू असा अलगद सोडला की शेजारच्या अनोळखी माणसाने मला मिठी मारली. भिंतीपलीकडे काकांना फक्त गलका ऐकू आला. "कुणाला तरी लाल कार्ड मिळालं वाटतं," असा त्यांनी निष्कर्ष काढला. सही मात्र मिळवली. ओल्या फोटोवर मार्कर उमटत नाही, म्हणून छत्री फोटोवर धरली आणि छेत्री पावसात. त्या गोलाबद्दल आजही विचारलं तर म्हणतात, "भिजला होता बिचारा."

फुटबॉलमधलं त्यांना काय कळतं, हा प्रश्न मी सोडून दिला आहे. दिएगो फोरलान, 2010 च्या विश्वचषकातला सर्वोत्तम खेळाडू, 2016 साली चक्क मुंबईकडून खेळला. तो कसा खेळायचा? "बसच्या पुढच्या दाराने उतरायचा." काकांच्या डायरीत प्रत्येक खेळाडूपुढे दोनच नोंदी: कोणतं दार, कोणता हात. पाय नव्हे, हात. "डाव्या पायाचा आहे म्हणून डाव्या हाताने लिहील असं समजू नकोस. चुकीच्या बाजूला उभा राहिलास की गेला."

पिशवीत गडद जर्सीसाठी चंदेरी मार्कर, फिक्या फोटोसाठी काळा, खाली धरायला परीक्षेचं पॅड. चकचकीत फोटोवर शाई गोळा होते म्हणून तो आदल्या रात्री टाल्कम पावडर लावून पुसायचा. काकू म्हणतात, "माझ्या लग्नात मला एवढी पावडर नव्हती लावली."

हे वेड कुठून आलं, त्याचा उलगडा त्यांच्या नोकरीत आहे. काकांनी उभा जन्म एका बँकेत चेकवरच्या सह्या नमुना सहीशी ताडून बघण्यात घालवला. कुणाचं घर, कुणाची फी, कुणाचं ऑपरेशन त्यांच्या भिंगाखालून गेलं असेल, पण त्यांना दिसली ती फक्त सही. निवृत्तीनंतरही डोळा गेला नाही. एका बचावपटूने दुसऱ्यांदा सही दिली तेव्हा काकांनी आधीची काढून शेजारी ठेवली आणि त्याला सांगितलं, "जुळत नाही. चेक परत गेला असता." तो पोरगा घाबरून पुन्हा सही करून गेला.

एक मात्र मानलं पाहिजे, ते सही विकत नाहीत. विकणाऱ्यांना कोरी सही लागते. वर कुणाचं नाव पडलं की बाजारात तिचा भाव उतरतो, आणि खेळाडूंनाही हे ठाऊक असतं. म्हणून काका हट्टाने नाव घालून घेतात, आणि आडनाव लांबलचक असल्यामुळे नुसतं "टू काका". परदेशी खेळाडू हे लिहिताना एकदा मान वर करून बघतो. समोर ब्राझीलचा काका नाही, बोरिवलीचा आहे, हे त्याच्या लक्षात येईपर्यंत काका पुढच्या दाराकडे पोचलेले असतात.

मोठे मासे त्यांना लागत नाहीत. नोव्हेंबर 2023 मध्ये मुंबई सिटीशी खेळायला अल हिलाल नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर आला. काकांनी नेमारच्या फोटोला पावडर लावून ठेवली होती. नेमारचा गुडघा आधीच्याच महिन्यात उरुग्वेविरुद्ध गेला. तरी हे नवी मुंबईला गेले, आणि कुणाची तरी अरबी सही घेऊन आले. ती सरळ की उलटी यावर तीन दिवस विचार चालला होता. मग ऑक्टोबर 2025, अल नासर गोव्याशी खेळायला फातोर्ड्यात. काका कोकणकन्येने मडगावला. संघ आला, रोनाल्डो आला नाही. दोन्ही कोरे फोटो आता एका फायलीत आहेत. फायलीवर बँकेच्या अक्षरात लिहिलंय: 'प्रलंबित'.

सवय इतकी हाडीमाशी खिळलेली की मार्च 2021 चा इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना करोनामुळे रिकाम्या मैदानात झाला, तो आम्ही काकांच्या घरी टीव्हीवर बघत होतो. मुंबई आणि एटीके मोहन बागान, 1-1. ऐंशीव्या मिनिटाला काका उठले, चपला घातल्या आणि लिफ्टपर्यंत गेले. तिथून परत येऊन कुलूप-किल्ली, चष्मा असं काहीबाही शोधत राहिले. नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने मुंबईला पहिल्यांदा चषक जिंकून दिला. काका तेव्हा चपला काढत होते.

आता जे सांगायचंय ते मी जरा नाइलाजाने सांगतो. बसमधून सगळ्यांत शेवटी उतरतो तो तिसरा गोलरक्षक. हंगामभर बाकावर. सेल्फीवाली पोरं त्याला "भैया, जरा साइड" म्हणतात. काका त्याला नावाने हाक मारतात. त्याचा फोटो कुठे मिळत नाही, म्हणून संघाच्या फोटोतून त्याचा चेहरा कापून मोठा केलेला, धुरकट, पण पावडर लावून तयार. एकदा अशाच एका मुलाने फोटो हातात घेऊन विचारलं, "मेरा?" मग सही करायच्या आधी त्याने घरी व्हिडिओ कॉल लावला आणि आईला फोटो दाखवला. काका घड्याळ बघत उभे. पुढच्या हंगामात त्याचं नाव यादीत नव्हतं.

त्यांचा अल्बम मी एकदा सबंध चाळला. महिंद्रा युनायटेड, 2010 ला बंद. पुणे सिटी, 2019 ला बंद. दिल्ली डायनामोज, गाशा गुंडाळून ओडिशाला. सह्या शाबूत, क्लब गायब. बँकेच्या भाषेत, चेकवरची सही तंतोतंत जुळते, खातंच बंद झालेलं.

आणि मग 2025 साली अख्ख्या लीगचंच घोडं अडलं. फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला 2010 चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपणार होता. नवा होईना. हंगाम लटकला, बंगळुरूच्या क्लबने ऑगस्टमध्ये खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवले, आणि वर्ष संपलं तरी लीगचा चेंडू काही पडला नाही. ज्या पोरांच्या सह्यांसाठी आमचे काका उन्हापावसात उभे राहतात, ती पोरं स्वतःच कुणाच्या तरी सहीसाठी ताटकळत होती. मोठमोठ्या माणसांनी त्या कागदाला पावडरच लावली नव्हती म्हणायची. काका त्या दिवसांत पहिल्यांदाच चिडलेले दिसले. म्हणाले, "एवढी वर्षं लोकांच्या सह्या तपासल्या, पण सहीच न करणारा माणूस कसा तपासायचा?"

तेव्हा अंधेरीला सामना बघायला गेलात आणि बाहेर बसच्या डाव्या अंगाला पिशवीवाले एक गृहस्थ दिसले, तर त्यांना स्कोअर विचारू नका. त्यांना तो ठाऊक नसतो. शेवटच्या दहा मिनिटांत काय झालं ते तुम्हीच सांगा, आणि जरा सविस्तर सांगा.